कालपासून बंद

बोट दिव्याच्या बटणावर टेकलं होतं आणि दाबायचं राहिलं. मी विचार करून थांबवलं असं काही नाही, बोटच थांबलं. आमच्या स्वयंपाकघरात सकाळचा उजेड उशिरा पोचतो, म्हणून आत पाऊल टाकलं की हात आपोआप त्या बटणाकडे जातो. त्या दिवशीही गेला, आणि तेवढ्यात नाकाने बोटाला परस्पर काहीतरी कळवलं. मला कुणी विचारलंच नाही. नंतर दुकानात, ग्लास धरताना, झोपायच्या आधी, मी ते बोट कितीतरी वेळा निरखून पाहिलं. साधं बोट, नखाच्या कडेला चष्म्याच्या काचा घासायच्या पावडरीचा पांढरेपणा. त्याने कणभर जोर केला असता, आत एक ठिणगी उडाली असती, तर मी, स्वयंपाकघर, वरच्या मजल्यावरचे मास्तर, दूध घेऊन जिना चढत असलेली आई, इथपर्यंत मन येतं आणि पुढे मी त्याला जाऊ देत नाही. ते जातंच, पण माझ्या परवानगीने जात नाही.

गॅसचा वास म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि नेमकं कुणालाच सांगता येत नाही. नासलेलं काहीतरी, कोबीची पानं कुजल्यासारखं, आणि त्यात घशाला लागणारा एक गोडसरपणा. तो दारापासून ओव्हनपर्यंत सगळीकडे सारखा भरलेला होता. मी खिडक्या उघडल्या. पाइपाने येणाऱ्या गॅसची पिवळी चावी भिंतीवर आहे, ती आडवी केली. आणि मग वाकून ओव्हनचं बटण धरलं आणि फिरवलं. इथेच सगळं आहे. बटण फिरलं. बंद असलेलं बटण फिरत नाही, ते अडतं. हे हाताखाली सहज, लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं आणि त्याचं पांढरं निशाण 'बंद'च्या रेघेवर येऊन राहिलं. म्हणजे आधी ते तिथे नव्हतं. म्हणजे ओव्हन चालू होता. म्हणजे आईने तो चालू ठेवला होता आणि दूध आणायला खाली गेली होती. माझ्या तळहाताने साक्ष दिली आणि मी निकाल देऊन मोकळी झाले. तेवढ्या वेळात केस सुद्धा विंचरून झाले नसते.

वाईट हे की मी विचारलं होतं. थोड्याच वेळापूर्वी, खोलीत आरशासमोर पिना लावताना काहीतरी पुसट नाकाला लागलं होतं, आणि पिन ओठात धरूनच मी ओरडून विचारलं होतं, "आई, भट्टी बंद आहे ना गं?" आमच्या घरात ओव्हनला भट्टी म्हणतात. आईने घातलेलं नाव. तिने बाहेरून उत्तर दिलं होतं, अगदी स्वच्छ, ठासून. "बंद आहे. कालपासून बंद आहे." मग तिच्या चपला वाजल्या, दार लागलं. मी दुसरी पिन लावली. माणसाने विचारावं, माणसाने उत्तर द्यावं, यापेक्षा घरात आणखी काय सोय असते? आणि उत्तर खोटं निघालं. आई खोटं बोलत नाही. म्हणजे तिला आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हेही तिला कळत नव्हतं. गॅसच्या वासापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटली. गॅसला निदान खिडकी उघडता येते.

ती जिन्यात भेटली. मी बाहेर येऊन उभी होते, आणि ती दुधाच्या पिशव्या छातीशी धरून सावकाश वर येत होती.

"आत जाऊ नकोस. गॅस भरलाय. भट्टी चालू होती, आई."

"छे गं. बंद आहे ती. सांगितलं ना तुला."

"मी माझ्या हाताने बंद केली आत्ता."

"बंद असलेली कशी बंद करशील?" ती म्हणाली, आणि थोडी हसली सुद्धा, हट्टी मुलाकडे बघून हसावं तशी.

"तुला वास नाही आला?"

"माझं नाक बंद आहे दोन दिवस. सर्दी नाही का झालीये."

मी दूध तिच्या हातातून घेतलं. बोलायचं ते मी नंतर दादाशी फोनवर बोलले, खालच्या फाटकाशी उभं राहून, हळू आवाजात, जणू आईची चहाडी करत होते.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. वाईट माणूस नाही. त्याला प्रश्न आवडत नाहीत, उत्तरं आवडतात, आणि उत्तर हातात तयार असलं की तो प्रश्नाची वाट बघत बसतो. गेले काही महिने त्याच्या हातात एक उत्तर होतं. शहराबाहेर, झाडं आहेत, बाकं आहेत, नर्सबाई असतात, वेळेवर औषधं देतात. त्याला तो 'जागा' म्हणायचा. "एक जागा बघून ठेवलीये." वृद्धाश्रम हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही, मीही नाही, वहिनी एकदा चुकून म्हणाली आणि उगाचच खोकली. आईच्या विसरण्याची यादी आम्ही दोघं फोनवर चढवत नेत होतो. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. चहात साखर दोनदा. मला मावशीच्या नावाने हाक, आणि मावशीला जाऊन किती तरी वर्षं झाली. प्रत्येक गोष्ट सांगताना मी म्हणायचे, "पण तसं काही विशेष नाही," आणि तो म्हणायचा, "तेच ना, आज विशेष नाही." आता विशेष झालं होतं. तो गाडी घेऊन आला, स्वयंपाकघरात एक चक्कर मारली, ओव्हनकडे असं पाहिलं की तो माणूस असता तर मान खाली घातली असती, आणि आईला म्हणाला, "चल, चार दिवस आमच्याकडे. इथे दुरुस्ती होईतो." आई पिशवी भरायला गेली. बराच वेळ भरत होती. जिन्यात दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय त्यांना. तोवर धरून ठेवलीये जागा. तू हो म्हण, बाकी मी बघतो." मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. रविवारी सांगते म्हटलं, आणि हो म्हणायचे शब्द कुठले असावेत हे मनात जुळवायला लागले.

मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. मागच्या बाजूला एक अरुंद, अंधारी खोली, टोकाला उजळलेला अक्षरांचा फळा, माणूस खुर्चीत, त्याच्या नाकावर ती जड चौकट, आणि मी त्यात भिंगं बदलत विचारत राहायचं. "पहिलं बरं की दुसरं? आता? हे की ते?" दिवसभर मी दुसरं काही बोलत नाही. लोक घाबरतात. चांगली मोठमोठी माणसं खुर्चीत बसली की शाळेत जातात, चुकेल म्हणून अक्षरं पुटपुटतात, कुणी आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून पाठ करून ठेवतात. त्या दिवशी एक आजोबा प्रत्येक ओळीनंतर माफ करा म्हणत होते. मी त्यांना तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगते, "यात चूक-बरोबर नसतं, तुम्हाला दिसतं ते सांगा, मी त्यावरूनच ठरवणार." सांगितलं आणि हातातलं भिंग हातात राहिलं. माझा सगळा धंदा माणसाच्या उत्तरावर विश्वास ठेवण्याचा. खुर्चीतला परका माणूस म्हणाला 'दुसरं' की मी दुसरं मानते, त्याच्या डोळ्यात शिरून बघत नाही. आणि घरच्या बाईने चार शब्दांचं उत्तर दिलं ते मी एका बटणाच्या सांगण्यावरून मोडीत काढलं. पण बटण फिरलं होतं ना. हे असं दोन्हीकडून चालायचं. मी आजोबांना विचारलं, "पहिलं की दुसरं?" आणि ते म्हणाले, "दोन्ही सारखंच वाटतंय हो." मला त्यांचा हात धरावासा वाटला.

आई टेलिफोन खात्यात होती, तक्रार विभागात. लहानपणी मला वाटायचं, आई लोकांचं ऐकून घ्यायला पगार घेते. कानाला यंत्र, समोर तारा खोचायची खाचांची पाटी, आणि दिवसभर लोक चिडून सांगायचे, फोन बंद आहे, लाइन बंद आहे, आमच्याकडे मयत झालीये आणि फोन बंद आहे. ती कुणावर आवाज चढवायची नाही. "तक्रार सांगा. घंटी वाजते का? आवाज कुठून येत नाही, तिकडून की इकडून? कधीपासून बंद आहे?" घरी सुद्धा तोच खाक्या. पोट दुखतंय म्हटलं की "कधीपासून? दुखतं की टोचतं?" मैत्रिणीशी भांडून आले तरी "तक्रार सांग." तिच्या त्या आवाजात रडणं थांबायचं, कारण उत्तरं द्यायच्या नादात रडायला सवड मिळायची नाही. निवृत्त झाली, खातं बदललं, पाट्या गेल्या, माणसांऐवजी 'एक दाबा, दोन दाबा' आलं, आणि आईने भट्टी विकत आणली. जुनीच, कुणाच्या तरी घरातून काढलेली. केक, बिस्किटं, पाव. आमच्या दुकानातल्या सगळ्यांची वजनं तिने वाढवली आहेत. तिची एकच शिस्त होती, आधी वास घ्यायचा मग काडी ओढायची, आणि झोपताना भिंतीवरची चावी आडवी करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उभी करायची, तिनेच. आणि इतक्या शिस्तीच्या बाईने बटण उघडं टाकलं, म्हणजे शिस्तच उतरायला लागली, असं मी स्वतःला समजावत होते. दुकान मिटताना दारावरची पाटी उलटली. आतून 'चालू' दिसायला लागलं, म्हणजे बाहेरून 'बंद'. रोज उलटते. त्या दिवशी तिथे जरा जास्त वेळ उभी राहिले, का ते कळलं नाही.

रविवार उजाडला. घर इतकं गप्प होतं की फ्रिजची घरघर बैठकीत ऐकू येत होती. आई गेल्यापासून मी चावी उघडलीच नव्हती. बाहेरचं खात होते, चहा दुकानासमोरच्या टपरीवर. पण त्या सकाळी मला घरचा चहा हवा होता; संध्याकाळी जे बोलायचं होतं ते बोलायला माणसाच्या पोटात निदान स्वतःच्या हातचा चहा असावा. मी भिंतीवरची चावी उभी केली. भांड्यात पाणी घेतलं. काडीपेटी हातात घेतली आणि, सवयीने म्हणा, आईच्या धाकाने म्हणा, काडी ओढायच्या आधी वाकून वास घेतला.

वास येत होता.

अगदी पुसट, पण तोच. मी शेगडीची बटणं पाहिली, बंद. ओव्हनचं बटण पाहिलं. त्याचं पांढरं निशाण मी स्वतः ज्या रेघेवर आणून ठेवलं होतं त्याच रेघेवर होतं. मी ओव्हनचं दार जरासं उघडलं आणि वास तोंडावर आला. मी चावी आडवी केली, काडीपेटी लांब ठेवली, खिडक्या उघडल्या, सगळं नीट. आणि जिन्यात येऊन बसले आणि माझ्या लक्षात आलं की मला आनंद झालाय. ज्या घरात गॅस गळतोय त्या घराच्या पायरीवर बसून बाई मनातल्या मनात नाचत होती. घरात कुणी नव्हतं. आई नव्हती. तिचा हात लागला नव्हता, तिने विसरायला ती इथे नव्हतीच. बटण बंद होतं आणि तरी वास होता. म्हणजे बिघाड भट्टीत होता, आईत नव्हता. वरचे मास्तर फिरून येत होते. त्यांनी विचारलं, काय झालं, जिन्यात का बसलीयेस? मी म्हटलं, "गॅस गळतोय, मास्तर," आणि इतकी हसले की ते दोन पायऱ्या मागे सरले. मी त्यांना जरा वेळ खालीच थांबायला सांगितलं आणि फाटकाशी जाऊन गॅसवाल्याला फोन लावला.

गॅसवाला रविवारचा म्हणून कुरकुरतच आला. जाडसर, पन्नाशीचा, वाकताना गुडघ्यांचा कटकट आवाज करणारा, आणि बोलणारा. जिना चढेपर्यंत त्याच्या मेव्हण्याने त्याला कसं फसवलं ते मला अर्धं कळलं होतं. त्याने आत येऊन हवा हुंगली, वाटीत साबणाचा फेस केला, भिंतीवरची चावी उघडली आणि ब्रशने नळीवर, जोडांवर, चावीच्या मानेवर फेस लावत गेला. "गळत असेल तिथे बुडबुडा येतो, ताई. तान्ह्या पोरासारखा. लपत नाही." मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. आयुष्यात मी इतक्या कळकळीने काही मागितलं नसेल. एक बुडबुडा येऊ दे. एवढासा आला तरी चालेल. पहिल्या जोडावर फेस तसाच पांढरा, निपचित. दुसऱ्यावर तसाच. नळीवर हळूहळू सुकत गेला. मागच्या जोडाशी काहीतरी फुगल्यासारखं वाटलं, मी आणखी वाकले, पण ते ब्रशमुळे होतं, फुटलं आणि परत आलं नाही.

"नळी ठणठणीत आहे," तो उठत म्हणाला. "कुठेच काही नाही."

"पण वास आहे."

"वास आहे. बटण कुणीतरी उघडं टाकलं असणार. घरात म्हातारं माणूस आहे का?"

"ती इथे नाहीये. चार दिवस नाही."

"मग तुम्ही टाकलं असेल." त्याने खाली वाकून बटण पाहिलं. "हे तर बंदवर आहे." मग खिडक्या सताड उघड्या आहेत हे बघून त्याने ठिणगीचं बटण दाबलं, टिक टिक टिक, आत निळी ठिणगी उडत होती, ओव्हन पेटला नाही. त्याने चावी आडवी केली आणि हात झटकले. "ताई, खरं सांगू? जुना माल. काढून टाका, विजेवरचा घ्या. म्हातारं झालं की हे असंच, इथून गळतं, तिथून गळतं, कारण काही सापडत नाही."

दादाचंच वाक्य, जरा वेगळ्या शब्दांत. मघाचा आनंद पायातून निघून गेला. कारण सापडत नाही. मग संध्याकाळी मी दादाला काय सांगणार होते, की वास आहे पण गळती नाही? तो म्हणाला असता, बघ, आता तुलाही काही कळेनासं झालंय, दोघींसाठी जागा बघू का? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझ्या हातातली काडी ओढायची सुद्धा सोय नव्हती. मी गॅसवाल्याला थांबा म्हटलं, जिन्यात गेले आणि दादाच्या घरी फोन लावून आईला द्यायला सांगितलं.

"आई, त्या दिवशी सकाळी मी तुला विचारलं होतं, भट्टी बंद आहे ना. आठवतं?"

"न आठवायला काय झालं? बंद आहे म्हटलं मी. कालपासून बंद आहे."

"म्हणजे तू ती बंद केली होतीस."

"मी कशाला बंद करू? आपणहून बंद पडली. आदल्या दिवशी संध्याकाळी पेटेचना. ठिणगी उडते पण जाळ धरत नाही. तेच सांगत होते तुला, तर तू पिना लावत होतीस."

मी जिन्याच्या कठड्याला धरलं. बंद. फोन बंद आहे, लाइन बंद आहे, कधीपासून बंद आहे. आयुष्यभर तिच्या कानात 'बंद' म्हणजे बिघाड. दिवा तिच्या तोंडी बंद होत नाही, मालवतो. शेगडी मालवते, रेडिओ मिटतो, दार लागतं, आणि जे बिघडलं तेवढंच बंद होतं. नाक सुद्धा. हे मी जन्मापासून ऐकत आले. मी विचारलं बटणाचं आणि तिने उत्तर दिलं भट्टीचं, आणि तेही खरं, ठासून, तारखेसकट. तिने चार शब्दांत पूर्ण तक्रार नोंदवली होती आणि मी ती पिना लावता लावता दुसरीच ऐकली.

"बयो, आहेस का? आवाज येत नाही तुझा."

"आहे आई. इथे गॅसवाले आलेत. त्यांना काही सापडत नाहीये."

"दे त्यांना." आणि तिचा आवाज बदलला. सरळ झाला, तीस वर्षं मागे जाऊन खुर्चीत बसला. मी फोन मोठ्या आवाजावर केला आणि गॅसवाल्याला जिन्यात बोलावलं.

"हं. तक्रार अशी आहे," आई म्हणाली. "ठिणगी येते, जाळ येत नाही. बटण गरगर फिरतं. पूर्वी अडायचं, आता अडत नाही, गोल फिरून पुन्हा तिथेच येतं. मी मालवताना निशाण रेघेवर आणून ठेवलं, पण आत काही पकडल्यासारखं वाटलं नाही. सर्दीमुळे वास कळला नाही, म्हणून तेव्हाच भिंतीवरची चावी आडवी केली. सकाळी चहासाठी उभी केली आणि तेवढ्यात दूध आणायला गेले. ती चूक माझी. बाकी तुम्ही बघा."

"आजी, गोल फिरतं म्हणता?"

"पूर्ण गोल. तुम्ही फिरवून बघितलं नाही?"

गॅसवाल्याने फिरवून बघितलं नव्हतं. मीही एकदाच फिरवलं होतं, आधी निशाण कुठे होतं ते न पाहता, आणि ते फिरल्यावरून आईला दोषी ठरवलं होतं. आणखी एकदा फिरवलं असतं तर ते पुन्हा फिरलं असतं, आणि पुन्हा, आणि त्याची साक्ष कवडीमोल ठरली असती. तो आत जाऊन गुडघे मोडत बसला, मी फोन धरून मागे. बटण फिरवलं. ते गेलं, गेलं, 'बंद'ची रेघ ओलांडून पलीकडून वर आलं, निशाण आकाशाकडे तोंड करून थांबलं. "अरे," एवढंच तो म्हणाला. त्याने बटण ओढलं तर ते हातात आलं. आतल्या प्लॅस्टिकच्या खाचेची कड झिजून गुळगुळीत झाली होती. मागे पितळी दांडी होती, बोटाच्या पेराएवढी, तिचा एक बाजूने चपटा केलेला भाग तिरका उभा होता. त्याने पक्कड लावली आणि दांडी थोडी फिरवली. ती अडली. खट्. तो आवाज मला अजून ऐकू येतो. बंद असलेली गोष्ट अडते तसा.

"उघडी होती," तो म्हणाला. "जरा कमीच. पेटायला पुरत नव्हती आणि गळायला पुरत होती. वरून बंद, आतून चालू." मग फोनकडे वाकून, "आजी, सापडलं बरं का."

"कधीपासून असेल?" आईने विचारलं.

"झिजायला महिने लागले असतील. कुणाचा दोष नाही."

"नोंदवून घे गं बयो," आई म्हणाली, आणि मी दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. जीव भांड्यात पडला म्हणतात, ते भांडं इतकं खोल असतं याची मला कल्पना नव्हती. मला रडायला येत होतं आणि गॅसवाला समोर होता, म्हणून मी त्याच्या मेव्हण्याची चौकशी केली. तो खुशीने सांगत बसला. त्याच्या पिशवीत त्या मापाचं बटण होतं, धातूचं, ओव्हनच्या अंगाला न शोभणारं, काळं. ते बसवलं, ठिणगीच्या टोकावरची काजळी खरवडली, खिडकीतून वारा खेळू दिला, पुन्हा फेस लावला, पुन्हा वास घेतला, मला घ्यायला लावला. मग भिंतीवरची चावी उभी. बटण. टिक टिक, आणि भप्प असा आवाज करून निळ्या ज्योतींची रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेली. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. मालवताना बटण रेघेवर आलं आणि अडलं. मी ते परत परत करून पाहिलं, तो म्हणाला, पुरे आता ताई, हेही झिजवाल.

दादाकडे मी संध्याकाळची वाट न बघता गेले. आई तयारच होती, चपला घालायच्या बाकी. दाराशी तिची पिशवी. मी उचलली आणि हात खाली ओढला गेला. चार दिवसांना एवढं काय घेतलंस म्हणून वरूनच चाचपली, तर जाड शाल, तिची औषधांची पेटी, रोजचा पेला, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाबांची तसबीर. थंडीचे दिवस लांब होते. मी आईकडे पाहिलं. ती पट्टा लावायला वाकली होती.

"हे सगळं कशाला घेतलंस?"

"न्यायचं ते एकदाच न्यावं म्हटलं," ती खाली बघतच म्हणाली. "सारखं तुम्ही ये-जा करणार, कामंधामं सोडून." मग पट्टा ओढून बसवत, "जागा चांगली आहे म्हणे. झाडं आहेत."

तिला कुणी सांगितलं होतं हे मी विचारलं नाही. तक्रार विभागात तीस वर्षं बसलेल्या बाईला पलीकडचा माणूस काय बोलत नाही ते आधी ऐकू येतं. त्या सकाळी ती बराच वेळ पिशवी भरत होती आणि मला वाटलं होतं, विसरतेय, शोधतेय. ती निवडत होती.

दादा बाहेर आला. बटणाचं मी त्याला फोनवर सांगितलंच होतं. त्याला ते पटलं होतं आणि आवडलं नव्हतं. "ठीक आहे, या वेळी बटण निघालं," तो म्हणाला. "पण बाकीचं आहेच ना. साखर, चष्मा. त्यांना संध्याकाळी काय कळवू?"

"नको म्हणून कळव," मी म्हटलं. "तो विषय बंद."

"बंद म्हणजे, बिघडलाय?" आईने खालूनच विचारलं.

"नाही आई. मालवला."

"मग तसं सांगावं." ती कठड्याला धरून उठली. "बंद म्हटलं की मागाहून कुणीतरी दुरुस्तीला येतं."

दादा हसला. खरंच हसला, आणि पिशवी माझ्या हातून घेऊन खाली टॅक्सीपर्यंत आला. आई आमच्या पुढे होती, एकेक पायरी पायाने चाचपत. मधल्या वळणावर ती थांबली, मागे वळून तिने मला हाक मारली, भट्टीत आज काय करूया ते विचारायला. हाक मावशीच्या नावाने होती. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी ओ दिली.